आधी कागद, मग चित्र: जपानी छापचित्रांचा अभ्यास कुठून सुरू करावा

माझ्या घरात होकुसाई या जपानी चित्रकाराची प्रसिद्ध लाट आहे. काळी चौकट, काच, कोपऱ्यात बारीक जपानी अक्षरं. जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, शंभर वर्षांचा माल आहे." मीही मान डोलावली, कारण मला ते खरंच वाटून घ्यायचं होतं. घरी आणून दहापट भिंगाखाली धरली, तर फेसाच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. ऑफसेटची, म्हणजे यंत्रावरची छपाई. कुठल्याशा कॅलेंडरचं पान कापून चौकटीत बसवलेलं. ती अजून भिंतीवर आहे. पाहुणे कौतुक करतात, मी गप्प बसतो.

लबाडी दुकानदाराची होतीच, पण गाढवपणा माझा. मी चित्र बघितलं आणि कागद बघितलाच नाही. लाकडी ठोकळे कोरून छापलेली ही जपानी चित्रं शिकताना बहुतेकांचं असंच होतं. आपण विषयावर, रंगांवर, लाटेच्या नखांवर भाळतो आणि हातातली वस्तू काय आहे, कुणी कशी बनवली, केव्हा छापली हे विचारायचं राहून जातं. म्हणून पुढे जी वाट सांगतोय ती कागदाच्या कडेपासून आत जाते.

कामापुरता इतिहास

आजच्या टोकियोचं जुनं नाव एदो. तिथे 1603 ते 1868 या काळात शोगुनांची, म्हणजे लष्करी सत्ताधीशांची सत्ता होती. शहर वाढलं, व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला, नाटकगृहं आणि कलावंतिणींच्या वस्त्या गजबजल्या. या जगाला 'उकियो' म्हणत, म्हणजे तरंगतं जग. याच उच्चाराचा जुना बौद्ध अर्थ 'दुःखाचा संसार' असा होता. एदोच्या रंगेल लोकांनी अक्षर बदलून त्याची मजा केली. 'ए' म्हणजे चित्र. झालं 'उकियो-ए'.

सतराव्या शतकात हिशिकावा मोरोनोबू या चित्रकाराच्या काळात ही चित्रं नुसत्या काळ्या शाईत छापली जात, रंग हवाच तर हाताने भरत. 1740 च्या दशकात गुलाबी-हिरवे असे दोनेक रंग ठोकळ्यांनी छापायला लागले. खरी उडी 1765 ची, आणि ती पंचांगापायी पडली. जपानी वर्ष तेव्हा आपल्यासारखंच चांद्र-सौर होतं, अधिक मासासकट. कुठला महिना 29 दिवसांचा आणि कुठला 30 चा हे दरवर्षी बदलायचं. ते छापायचा हक्क ठरावीक परवानाधारकांनाच होता. मग हौशी श्रीमंत मंडळींनी ते आकडे किमोनोच्या नक्षीत लपवून एकमेकांना भेट द्यायची चित्रं काढून घेतली. या चढाओढीत सुझुकी हारुनोबूसारख्या चित्रकाराच्या हाताखाली अनेक रंगांची छपाई सुरू झाली. तिला 'निशिकी-ए' म्हणतात, किनखापासारखं चित्र. आपल्याकडे तारीख बघायचं पान भिंतीवर येतं आणि वर्ष संपलं की रद्दीत जातं. तिथे त्यातूनच एक कला वर आली.

सुरुवातीला इतका इतिहास पुरे. बाकीचा चित्रं बघताना आपोआप गोळा होतो.

एकच चित्र धरा

नवशिके पहिल्या आठवड्यात पाचशे चित्रं बघतात आणि एकही बघत नाहीत. तुम्ही एक घ्या. माझा सल्ला: हिरोशिगे या चित्रकाराचं 'ओहाशी पुलावरची अचानक आलेली सर'. 'एदोतली शंभर प्रसिद्ध स्थळं' या 1856 ते 1858 च्या मालिकेतलं हे चित्र. सुमिदा नदीवरचा लाकडी पूल, वर काळाकुट्ट ढग, छत्र्या आणि चटया सावरत पळणारी माणसं, खाली ओंडक्यांच्या तराफ्यावर एकटा नावाडी. 1887 मध्ये व्हॅन गॉगने याचीच तैलरंगात नक्कल केली. अनेक मोठ्या संग्रहालयांकडे याच्या प्रती आहेत आणि मोठ्या आकारातली छायाचित्रं फुकट उतरवता येतात. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि ब्रुकलिन म्युझियम इथून सुरुवात करा. ब्रुकलिनकडे अख्खी मालिका आहे.

दोन-तीन प्रती उतरवून घ्या, पडद्यावर मोठ्या करा आणि चित्राचा मधला भाग हाताने झाका. खरंच झाका.

कडा वाचा

उजवीकडे वर दोन चौकटी दिसतील. एकीत मालिकेचं नाव, दुसरीत या स्थळाचं. डावीकडे लाल पट्टीत चित्रकाराची सही, 'हिरोशिगे ग'. शेवटचं 'ग' म्हणजे 'याने चित्र काढलं'. काही सह्यांच्या शेवटी 'हित्सु' असतं, म्हणजे 'याचा कुंचला'. ही दोन अक्षरं ओळखता आली की निदान सही कुठे संपते ते कळतं. लाटेवरची सही गमतीची आहे: 'पूर्वीच्या होकुसाईचा, आता इइत्सूचा कुंचला'. हा गृहस्थ आयुष्यभर नावं बदलत राहिला, त्यामुळे सहीतलं नाव बघून चित्राचा काळ अदमासता येतो.

समासात प्रकाशकाची खूण असते. इथे ती उओया एइकिचीची. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. पैसा त्याचा, विषय त्याने ठरवलेला, ठोकळे त्याच्या मालकीचे. चित्रकार, कोरणारा आणि छापणारा हे तिघेही त्याच्यासाठी राबत. आपण ज्याला 'हिरोशिगेचं चित्र' म्हणतो त्यावर हिरोशिगेचा हात बहुधा लागलेलाही नसतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, तपासनिसांचे शिक्के. सरकारी नियम असा होता की नमुना आधी तपासायला दाखवायचा, मंजुरीचा शिक्का घ्यायचा आणि तो ठोकळ्यात कोरायचा. शिक्क्यांच्या पद्धती बदलत गेल्या आणि अभ्यासकांची सोय झाली. वहीच्या पहिल्या पानावर एवढं उतरवा:

- 1791 ते 1842: 'किवामे' हा एकच लहान गोल शिक्का
- साधारण 1843 ते 1847: तपासनिसाच्या नावाचा एक शिक्का
- 1847 ते 1852: दोन नावांचे दोन शिक्के; 1852-53 मध्ये त्यांच्याबरोबर तारखेचा तिसरा
- 1853 च्या अखेरीपासून 1857 पर्यंत: 'आरातामे' म्हणजे 'तपासलं', आणि शेजारी तारीख
- 1858: नुसती तारीख
- 1859 ते 1871: तारीख आणि 'आरातामे' एकाच शिक्क्यात

1875 मध्ये हे सगळं बंद झालं.

तारखेच्या शिक्क्यात वर्षाचा प्राणी आणि महिन्याचा आकडा असतो. बारा प्राण्यांचं चक्र: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. 1852 हे उंदराचं वर्ष, तिथून मोजा. ओहाशीच्या चित्रावर सापाचं अक्षर आणि नऊचा आकडा आहे. सापाचं अक्षर लक्षात ठेवायला सोपं: वर छोटी चौकट आणि खालून उजवीकडे वळून वर उठलेली शेपटी. साप म्हणजे 1857. नववा महिना म्हणजे मात्र सप्टेंबर धरू नका. जुन्या कालगणनेतला तो महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, त्यातून 1857 मध्ये तिथे अधिक मास आलेला होता. जपानने आजचं कॅलेंडर 1873 पासून घेतलं.

प्राणी बारा वर्षांनी परत येतो, हे खरं. पण शिक्क्याची पद्धत आणि प्राणी एकत्र धरले की सहसा गोंधळ राहत नाही. आणि शिक्काच सापडला नाही तर? बहुतेक वेळा समास कापलेला असतो. जुन्या मालकांनी चित्रं वहीत चिकटवताना कडा छाटल्या, त्यांच्याबरोबर शिक्के गेले. छाटलेली कडा हीसुद्धा नोंद आहे, ती वहीत लिहा.

आता ठोकळा डोळ्यांसमोर आणा

चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषेत चित्र काढायचा. कोरणारा तो कागद उलटा करून चेरीच्या फळीवर चिकटवायचा आणि रेषा शिल्लक ठेवून बाकीचं लाकूड काढायचा. मूळ चित्र तिथेच संपलं. या मुख्य ठोकळ्यावरून काळे नमुने काढायचे, चित्रकाराने एकेका नमुन्यावर एकेका रंगाच्या जागा दाखवायच्या आणि त्याप्रमाणे रंगाचे वेगळे ठोकळे कोरायचे. चेरी महाग, म्हणून फळीच्या दोन्ही बाजू वापरायच्या.

दहा ठोकळ्यांचे रंग एकावर एक नेमके बसतात कसे? प्रत्येक ठोकळ्याच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेवर थोडं पुढे दुसरी सरळ खाच असते. कागदाचा कोपरा पहिलीत टेकवायचा, कड दुसरीला भिडवायची. यांना 'केंतो' म्हणतात. सगळी जादू या दोन खाचांत आहे.

कागद तुतीच्या कुळातल्या कोझो झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा, त्यावर सरस आणि तुरटीचं पाणी फिरवलेलं. नाहीतर रंग फुटतो. रंग पाण्यात कालवलेला, त्यात तांदळाची थोडी खळ. ओलसर कागद ठोकळ्यावर ठेवून मागून 'बारेन' घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालपटात गुंडाळलेली गोल, चपटी गादी. यंत्र नाही, दाबपट्टा नाही, फक्त मनगट.

आता हात काढा आणि पाऊस बघा. पावसाच्या रेषा दोन वेगवेगळ्या ठोकळ्यांवर कोरलेल्या आहेत, दोघींचा कल किंचित वेगळा. म्हणून ती सर सपाट वाटत नाही, वाऱ्याने फिरल्यासारखी वाटते. ठोकळ्यावर केसाएवढ्या शेकडो उंच रेषा ठेवायच्या म्हणजे त्यांच्या मधलं सगळं लाकूड उकरायचं. त्या कोरणाऱ्याचं नाव चित्रावर नाही. मला याचा दर वेळी राग येतो.

वरचा काळा ढग कोरलेलाच नाही. ठोकळ्यावर रंग लावून तो ओल्या फडक्याने आणि ब्रशने पुसत नेला आहे. या छटा उतरवण्याला 'बोकाशी' म्हणतात आणि ती प्रत्येक कागदासाठी नव्याने करावी लागते. तुमच्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवा. ढगाची कड एकीत खाली लोंबलेली असेल, दुसरीत वरच थांबलेली. तो फरक म्हणजे छापणाऱ्याचा हात.

रंगांची ओळख मराठीतून होते

परदेशी यादीत अवघड वाटणारी नावं आपल्या स्वयंपाकघरात आणि शेतात आहेत. गुलाबी-लाल 'बेनी' करडईच्या फुलांपासून. पिवळ्यासाठी हळद किंवा हरताळ. निळा एक नीळीचा; दुसरा, पाकळ्यांपासून काढलेला, पावसाळ्यात बांधावर माजणाऱ्या केनाच्या जातभाईचा. तांबूस 'बेंगारा' म्हणजे आपला गेरू, आणि हे नाव बंगालवरून पडलेलं. चकाकणारी पार्श्वभूमी अभ्रकाची. शाराकू या चित्रकाराने 1794-95 मधल्या जेमतेम दहा महिन्यांत नटांचे जे चेहरे काढले, त्यातल्या सुरुवातीच्या चित्रांत गडद अभ्रकी पार्श्वभूमी आहे.

यातले बरेच रंग उन्हाला टिकत नाहीत. केनाच्या जातीचा निळा उडून मातकट होतो, बेनी फिकटते, हळद जाते. म्हणून जुन्या चित्रातलं तपकिरी आकाश मूळचं तपकिरी होतं असं समजू नका. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाला 1921 मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी सुमारे 6500 छापचित्रं दिली, पण ती कधीही भिंतीवर लावायची नाहीत या अटीवर. त्या प्रतींचे रंग अजून ताजे आहेत. इंटरनेटवर बघाल तेव्हा डोळे चोळाल.

काळ ठरवायलाही रंग कामी येतो. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला प्रशियन निळा जपानी छापचित्रांत 1830 च्या आसपास सर्रास आला आणि होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेने तो गाजवला. नाव 'छत्तीस दृश्यं', पण खप इतका झाला की प्रकाशकाने आणखी दहा काढून घेतली, एकूण 46. 1860 च्या दशकापासून परदेशी रासायनिक रंग आले, त्यातला भडक लाल आणि जांभळा एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही.

प्रतीला प्रत लावून बघा

इथे खरा अभ्यास सुरू होतो. एका ठोकळ्यावरून हजारो कागद निघायचे. लाकूड फुगतं, झिजतं, रेषेचे तुकडे उडतात. त्यामुळे प्रतींचा क्रम लावता येतो.

यासाठी लाटेवर या. वेगवेगळ्या संग्रहालयांतल्या पाच प्रती घ्या आणि फक्त शीर्षकाची चौकट बघा. लवकरच्या प्रतीत चौकटीची रेषा सलग आहे. उशिराच्या प्रतींत ती तुटत जाते. मग होड्यांच्या रेषा बघा, मग आकाश. काही प्रतींत फिकट गुलाबी ढग दिसतात, काहींत ते उडून गेलेत. तुम्ही लावलेला क्रम वहीत लिहा आणि मगच संग्रहालयाची टिपणं वाचा. उलट केलंत तर डोळा शिकत नाही, फक्त मान डोलते.

प्रती शोधायला 'उकियो-ए डॉट ऑर्ग' हे संकेतस्थळ हाताशी ठेवा. चित्राचा फोटो चढवला की अनेक संग्रहांतल्या तशाच प्रती समोर येतात. एक सावधगिरी: दोन प्रतींत रेषेचं वळणच वेगळं असेल तर ती झीज नसते, ठोकळा नव्याने कोरलेला असतो. म्हणजे एक तर नंतरची आवृत्ती किंवा नक्कल.

नंतरच्या काळातला एक सोपा सराव हिरोशी योशिदा या चित्रकाराच्या 1926 च्या 'शिडाच्या होड्या' या चित्रांवर करता येईल. त्याने तेच ठोकळे वापरून सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र असे वेगवेगळे प्रहर नुसत्या रंगबदलाने छापले. याच योशिदाने पुढे भारतात फिरून ताजमहाल, उदयपूर, अमृतसर अशी चित्रं केली. त्याच्या समासात 'जिझुरी' हा शिक्का शोधा. छपाई त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली झाल्याची ती खूण.

चित्रात काय नाही तेही विचारा

शिक्के का होते हे विसरलात तर अर्धी चित्रं कळणार नाहीत. 1791 मध्ये प्रकाशक त्सुताया जूझाबुरोची निम्मी मालमत्ता दंडात गेली. 1804 मध्ये चित्रकार उतामारोने हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रं काढली म्हणून त्याच्या हातांत 50 दिवस बेड्या पडल्या. दोन वर्षांनी तो गेला. 1842 च्या सरकारी सुधारणांत नटांच्या आणि कलावंतिणींच्या चित्रांवर बंदी आली. लगेच पुढच्या वर्षी चित्रकार कुनियोशीने भुताखेतांचं एक चित्र काढलं. लोकांनी त्या भुतांत सरकारचे बळी ओळखले आणि घाबरलेल्या प्रकाशकाने ठोकळे नष्ट केले. म्हणून 1840 च्या दशकात अचानक सद्गुणी स्त्रिया, योद्धे आणि निसर्गदृश्यं वाढलेली दिसली, तर त्यात फक्त चित्रकाराची आवड शोधू नका.

प्रत्यक्ष बघायचं, घ्यायचं, जपायचं

टोकियोला जाणं झालं तर हाराजुकूचं ओता संग्रहालय लहान आणि मनासारखं आहे. होकुसाईचं स्वतंत्र संग्रहालय सुमिदा भागात 2016 पासून आहे. आदाची संस्थेत आजही जुन्या पद्धतीने ठोकळे कोरून छापतात. निघण्याआधी काय मांडलंय ते बघा. रंग उडू नयेत म्हणून चित्रं थोडे दिवसच बाहेर ठेवतात, तीही साधारण 50 लक्सच्या मंद उजेडात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. तिथे छापचित्रांपेक्षा कारागिरीचा हात बघायला जा.

विकत घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षी घेऊ नका. नंतरही दहापट भिंगाशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. ठिपके दिसले की विषय संपला. मग कागद उलटा करायला सांगा. खऱ्या छपाईत रंग पाठीमागे झिरपलेला असतो आणि बारेनचे गोल फिरलेले व्रण दिसतात. आकार मोजा: नेहमीचा 'ओबान' कागद साधारण 39 बाय 26 सेंटीमीटर. चौकटीतून काढू द्यायला विक्रेता तयार नसेल तर चहा पिऊन परत या. नव्याने कोरलेली चांगली नक्कल, ती नक्कल आहे असं सांगून विकली जात असेल, तर अभ्यासाला उत्तम.

घरी आणलंत तर सेलोटेप नाही, हार्डबोर्ड नाही, बाहेरच्या भिंतीवर टांगणं नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी हाच मोठा शत्रू. आम्लरहित कागदात, आडवं, कोरड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

एकदा स्वतः छापा

एवढं वाचल्यावर एक रविवार काढा. कलासाहित्याच्या दुकानातून लिनोलियमचे सारख्या मापाचे दोन तुकडे आणि एक साधी कोरणी आणा. एकावर छत्रीची नुसती रेषा ठेवा, दुसऱ्यावर छत्रीचा लाल आकार. दोन्ही तुकडे एकाच मापाच्या पुठ्ठ्यांवर अगदी एकाच जागी चिकटवा. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यात पातळ पट्ट्यांचा काटकोन करा, त्याच कडेवर पुढे एक सरळ पट्टी लावा. हे तुमचं केंतो. पोस्टर रंगात थोडी तांदळाची खळ मिसळा, कागद ओल्या फडक्यात तासभर ठेवा, बारेनच्या जागी स्टीलच्या चमच्याची पाठ वापरा. आधी काळी रेष छापा, मग लाल.

पहिल्या कागदावर लाल रंग छत्रीच्या बाहेर जाईल. दुसऱ्यावर कागद सुकल्याने आकसेल आणि उलट बाजूला सरकेल. पाचव्या-सहाव्याला कुठे जमेल. मग तेच रंगलेले हात धुऊन परत ओहाशीचं चित्र उघडा आणि पुलावरच्या लहान छत्र्या मोठ्या करून बघा. कुठल्या प्रतीत रंग रेषेबाहेर किती सरकलाय, ते आता तुम्हाला भिंगाशिवाय दिसेल.